जर्मन ब्रोटशेनमध्ये स्पॅनिश चवीचं भाजलेलं मांस, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मांस भाजून झालं की ट्रेच्या तळाशी जो लालसर दाट रस उरतो तो अजिबात फेकू नका, या लेखातून एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी अर्धं काम झालं. मसाला काय लावायचा, ओव्हन किती ठेवायचा, ब्रोटशेन म्हणजे इथले छोटे गोल पाव कुठले घ्यायचे हे सगळं खाली सांगतेच, पण या सँडविचची खरी चव त्या रसात असते आणि ब्रोटशेनने तो रस पिऊन घ्यायचा आणि तरीही हातात मोडायचं नाही, सगळा खेळ इथेच आहे.

मी हॅम्बुर्गला राहते आणि हा पदार्थ माझ्याकडे थंडी सुरू झाली की महिन्यातून एकदा तरी होतोच, कारण तीन तास ओव्हन चालू म्हणजे स्वयंपाकघर मस्त उबदार होतं आणि घरभर धुरकट लसणाचा वास सुटतो. जे नुकतेच जर्मनीत आलेत, ज्यांनी आजवर ओव्हनमध्ये मांसाचा मोठा तुकडा कधी भाजला नाही, त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिते आहे, त्यामुळे ज्यांना यातलं आधीच येतं त्यांनी काही भाग सरळ वगळला तरी चालेल.

आधी हे नेमकं आहे काय ते

स्पेनमध्ये बारसारख्या लांब पावात काही भरलं की त्याला बोकादियो म्हणतात, आणि सँडविच हा शब्द तिथे चौकोनी स्लाइसच्या पावासाठी ठेवलेला आहे. बोकादियो दे लोमो म्हणजे डुकराच्या पाठीच्या मांसाचे पातळ काप, बरेचदा लसूण आणि पिमेंतोनमध्ये, म्हणजे स्पॅनिश लाल मिरचीपुडीत, मुरवलेले, गरम तव्यावर परतून पावात घातलेले. सेव्हियामध्ये त्याच्याच जवळचा सेर्रानितो मिळतो, त्यात लोमोसोबत सेर्रानो हॅम, टोमॅटो आणि तळलेली हिरवी मिरची असते. आणि अंदालुसियामध्येच प्रिंगा नावाचा प्रकार आहे, रस्सा करताना शिजलेलं मांस आणि चरबी ठेचून एकत्र करायची आणि छोट्या पावात भरायची. आपण जे करणार आहोत ते या तिघांपैकी कुठलंच हुबेहूब नाहीये, मसाला लोमोचा, मिरची सेर्रानितोची आणि रसाळपणा प्रिंगाचा असं समजा.

जर्मन बाजू म्हणाल तर हॅम्बुर्गमध्ये रुंडश्ट्युक वार्म नावाचा जुना पदार्थ आहेच, ब्रोटशेन अर्धं कापायचं, त्यावर भाजलेल्या मांसाचे काप ठेवायचे आणि वरून गरम गरम ग्रेव्ही ओतायची. तो मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हाच मला वाटलं की हेच मांस स्पॅनिश पद्धतीने मुरवलं तर काय बहार येईल. दोन्ही देशांची ओळख तशी जुनी आहे, १९६० मध्ये पश्चिम जर्मनी आणि स्पेनमध्ये कामगार भरतीचा करार झाला आणि त्यानंतर लाखो स्पॅनिश माणसं इथल्या कारखान्यांत कामाला आली. हॅम्बुर्गला बंदराजवळच्या पोर्तुगीजेनफिअर्टेल भागात आजही पोर्तुगीज आणि स्पॅनिश हॉटेलं ओळीने आहेत.

मांस कुठलं घ्यायचं

मेट्सगरकडे, म्हणजे खाटकाकडे, किंवा सुपरमार्केटच्या मांसाच्या काउंटरवर जाऊन श्वाइनेनाकेन मागा, म्हणजे डुकराच्या मानेचा भाग, आणि ओने क्नोखेन सांगा म्हणजे हाड काढून देतील. दीड किलोचा एकसंध तुकडा हवा. काप करून देऊ का असं विचारलं तर नको म्हणा, काउंटरवरच्या लोकांना सवयीने ग्रिलसाठी स्टेक कापून द्यायची घाई असते. भाजून झाल्यावर दीड किलोचं साधारण एक किलो उरतं आणि एका ब्रोटशेनमध्ये १०० ग्रॅम धरलं तर दहा सँडविच होतात.

मानेचाच भाग का, तर त्यात चरबीच्या रेषा मांसाच्या आतून गेलेल्या असतात आणि कोलॅजेनही भरपूर असतं. हे कोलॅजेन सावकाश उष्णतेने वितळून जिलेटिन होतं आणि तेच आपल्या रसाला दाटपणा देतं. श्वाइनेशुल्टर म्हणजे खांद्याचा भागही चालतो, थोडा कमी चरबीचा असतो एवढंच. पण लाख्स किंवा रुकेन म्हणजे पाठीचा तो गुळगुळीत, स्वच्छ दिसणारा तुकडा घेऊ नका, दिसायला छान असतो पण तीन तासांत त्याचा नुसता भुसा होतो. स्पेनमध्ये लोमोचे पातळ काप करून पटकन परततात त्याचं कारणही हेच.

डुकराचं मांस खात नसाल तर पुटेनओबरकॉयले, म्हणजे टर्कीची मांडी, किंवा मेंढीचा खांदा घ्या, त्यांची वेळ शेवटी सांगते.

पिमेंतोन, आणि इथे घाई करू नका

या सगळ्यात एकच गोष्ट अशी आहे जिच्याऐवजी दुसरं काही चालत नाही आणि ती म्हणजे धुरावलेलं पिमेंतोन. सगळ्यात नावाजलेलं पिमेंतोन दे ला वेरा, ते एक्स्त्रेमादुरातल्या कासेरेस प्रांताच्या उत्तरेला तयार होतं. मिरच्या काढायच्या दिवसांतच तिकडे पाऊस सुरू होतो, उन्हात वाळवणं जमत नाही, म्हणून तिथले लोक ओकच्या लाकडाच्या मंद धुरावर मिरच्या दहा-पंधरा दिवस वाळवतात, आणि रोज हाताने खालीवर करतात. म्हणून तो वास. मुर्सियाचं पिमेंतोन उन्हात वाळवलेलं असतं, रंगाला सुरेख पण धुराचा वास नाही.

डब्यावर तीनपैकी एक शब्द असेल, दुल्से म्हणजे गोडसर, आग्रिदुल्से म्हणजे मधलं आणि पिकांते म्हणजे तिखट. आपल्याला मुख्य दुल्से लागेल आणि चवीपुरतं पिकांते. इथल्या सुपरमार्केटमध्ये पापरिका एडेल्स्यूस लिहिलेल्या बाटल्या रांगेने असतात, रंग अगदी तसाच, पण त्यात धूर नसतो. बाटलीवर गेरॉयखर्ट लिहिलंय का ते बघा, तो शब्द असेल तरच घ्या. स्पॅनिश वस्तूंच्या दुकानात छोटे पत्र्याचे डबे मिळतात, ते सगळ्यात उत्तम, उजेड आत जात नाही त्यामुळे वास टिकतो.

आता मुरवण, ज्याला स्पॅनिशमध्ये आदोबो म्हणतात. दीड किलो मांसाला मीठ २२ ग्रॅम, हे वजन करूनच घ्या कारण प्रत्येकाचा चमचा वेगळा आणि मिठाचे दाणेही वेगळे, मांसाच्या वजनाच्या दीड टक्का हे प्रमाण लक्षात ठेवलंत की तुकडा लहानमोठा झाला तरी चुकत नाही. लसणाच्या सात-आठ पाकळ्या मिठासोबत खलबत्त्यात वाटून घ्या, मीठ असलं की लसूण घसरत नाही आणि मऊ पेस्ट होते. त्यात दोन मोठे चमचे पिमेंतोन दुल्से, अर्धा छोटा चमचा पिकांते, दोन छोटे चमचे सुका ओरेगानो तळहातावर चुरून, अर्धा छोटा चमचा जिरेपूड, थोडी मिरपूड, दोन मोठे चमचे शेरी व्हिनेगर आणि चार मोठे चमचे ऑलिव्ह ऑइल. शेरी व्हिनेगर म्हणजे खेरेसचं व्हिनेगर, ते नसेल तर साधं रेड वाइन व्हिनेगर चालेल, पण बाल्सामिको घालू नका, त्याच्या गोडव्याने सगळी चव भलतीकडे जाते. जिरं जास्त घालायचा मोह होईल, तो आवरा, जिरं मागे राहायला हवं आणि धूर पुढे यायला हवा.

मांस आधी किचन पेपरने टिपून कोरडं करा. सुरीच्या टोकाने आठ-दहा ठिकाणी खोल भोकं पाडा आणि मुरवण बोटाने आत ढकला, मग उरलेलं सगळीकडून चोळा. झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, किमान बारा तास, चोवीस झाले तर अजून छान. दोन तासांतही होतं पण मग चव वरच्या थरातच राहते आणि आतलं मांस अळणी लागतं, आणि पावात भरल्यावर तर ते फारच जाणवतं कारण पाव स्वतःच चव शोषून घेतो.

भाजणं

फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा. ओव्हन १५० अंशांवर, वर-खाली उष्णता असलेल्या सेटिंगला, म्हणजे ओव्हनच्या बटणावर वर एक आडवी रेघ आणि खाली एक आडवी रेघ असं चिन्ह असतं ते. पंख्याचं चिन्ह असलेलं उमलुफ्ट वापरणार असाल तर १३० ठेवा. पंख्याने हवा फिरते आणि तेवढ्याच आकड्यावर जास्त भाजलं जातं, नव्या माणसाचं इथे हमखास चुकतं.

जाड बुडाचं, मांस जेमतेम मावेल एवढंच भांडं घ्या. मोठ्या ट्रेमध्ये रस पसरतो आणि पातळ थर झाला की तीन तासांत करपून जातो. तळाशी दोन मोठे कांदे जाड चकत्या करून पसरा, दोन तमालपत्रं, वर मांस, चरबीची बाजू वर. बाजूने १५० मिली व्हाइट वाइन किंवा नुसतं पाणी ओता, मांसावर ओतू नका, मसाला धुऊन जाईल. झाकण लावा किंवा अॅल्युमिनियम फॉइल दुहेरी करून कडा घट्ट बंद करा.

अडीच तास बघायचं नाही. खरंच उघडू नका, दर वेळी उघडलं की वाफ जाते आणि वेळ वाढते. अडीच तासांनी थर्मामीटर मधोमध खुपसा, ८८ ते ९० अंश आलं की झालं. थर्मामीटर साधा डिजिटल घ्या, पण घ्याच, कारण तुकड्याची जाडी प्रत्येक वेळी वेगळी असते आणि घड्याळ बघून अंदाज चुकतो. नसेलच तर काटा खुपसून थोडा फिरवा, मांस विरोध न करता सुटलं तर तयार, रबरासारखं ताणलं तर अजून अर्धा तास. डुकराचं मांस ६३ अंशाला तीन मिनिटं थांबवलं की खायला सुरक्षित असतं, मग आपण ९० पर्यंत कशाला जातो असं कुणी विचारेल, तर ते मऊपणासाठी, कोलॅजेनला वितळायला वेळही लागतो आणि जास्त उष्णताही लागते.

आता झाकण काढा, ओव्हन २०० करा, पंधरा-वीस मिनिटं वरून रंग येऊ द्या आणि या वेळी मात्र समोरच थांबा. पिमेंतोन लवकर करपतं आणि करपलं की कडू होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा पाहुणे सहाला येणार होते, मला उशीर झाला होता, म्हणून मी सुरुवातीपासून २२० वर उघडंच ठेवलं, वरची बाजू दोन तासांत काळी झाली आणि तो कडूपणा खाली रसातही उतरला, मांस आतून अजून घट्टच होतं. त्या दिवसापासून मी हे जेवणाच्या आदल्या दिवशीच भाजून ठेवते, घाईच राहत नाही आणि चवही दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेली लागते.

बाहेर काढल्यावर सैलसर झाकून अर्धा तास तसंच ठेवा. लगेच तोडलं तर सगळा ओलावा फळीवर वाहून जातो.

रस

भांड्यात जे उरलंय ते सगळं गाळणीतून उंच ग्लासात किंवा काचेच्या जगमध्ये गाळा, कांदे चमच्याने दाबून त्यांचाही अर्क काढा. भांड्याच्या कडांना तांबूस काळपट चिकटलेलं असेल त्यात चार चमचे गरम पाणी घालून लाकडी चमच्याने खरवडा आणि तेही गाळणीत, सगळ्यात जास्त चव तिथे असते. पाच मिनिटांत वर केशरी चरबी तरंगेल आणि खाली तपकिरी रस दिसेल. चरबी चमच्याने काढून वाटीत ठेवा, टाकू नका, ब्रोटशेन भाजायला लागणार आहे.

रस छोट्या पातेल्यात मध्यम आचेवर निम्मा होईपर्यंत आटवा. चमचा बुडवून उलटा धरला आणि पाठीवर पातळ पापुद्रा राहिला की बंद करा. चव बघा. मीठ वाढवायची गरज सहसा पडत नाही, आटल्यावर खारटपणा वाढतोच, पण शेरी व्हिनेगरचे आठ-दहा थेंब घाला, चरबीचा जडपणा एकदम मोडतो आणि रस उजळतो. फार खारट झाला तर थोडं पाणी. आदल्या दिवशी केला असेल तर फ्रिजमध्ये त्याची जेली होईल, घाबरू नका, तेच जिलेटिन आहे, गरम केलं की पुन्हा पातळ होतं.

मांसाचे तंतू करू नका. दोन काट्यांनी अगदी दोऱ्यासारखं सोडवलं तर पावात त्याचा लगदा होतो आणि चावायला काही उरत नाही. हाताने बोटाएवढे जाड तुकडे करा आणि निम्मा रस त्यावरच ओतून ढवळून ठेवा.

ब्रोटशेन

उत्तरेला ब्रोटशेन, बर्लिनला श्रिपे, बव्हेरियात झेमेल, श्वाबेनमध्ये वेकले, आणि हॅम्बुर्गचं जुनं नाव रुंडश्ट्युक, नावं बदलतात पण आपल्याला हवं ते साधं गव्हाच्या मैद्याचं, वरून पातळ कुरकुरीत कवच आणि आत पांढरं मऊ जाळीदार. बिया लावलेलं नको, राईचं नको, राईचा स्वतःचा आंबटपणा इतका जोरकस असतो की पिमेंतोन दबून जातं. लाउगेनब्रोटशेन म्हणजे तपकिरी चकचकीत, प्रेट्झेलसारखं, तेही नको, त्याची साल चिवट असते आणि रस शोषत नाही. आणि हॅम्बुर्गमध्ये नवीन असाल तर फ्रांझब्रोटशेन नावाला भुलू नका, ते दालचिनी आणि साखरेचं गोड असतं.

बेकरीतून सकाळी घेतलेलं ब्रोटशेन संध्याकाळपर्यंत मऊ पडतं कारण आतला ओलावा कवचात सरकतो, प्लास्टिकच्या पिशवीत तर तासाभरातच. कागदी पिशवीतच ठेवा, आणि वापरायच्या आधी वरून पाण्याचा हात फिरवून १८० अंशांवर चार-पाच मिनिटं गरम करा, परत कडकडीत होतं. रविवारी जेवण ठरवलं असेल तर लक्षात ठेवा, सुपरमार्केट बंद असतात आणि बेकऱ्याही बहुतेक सकाळी काही तासच उघड्या असतात, त्यामुळे शनिवारीच आउफबाकब्रोटशेन म्हणजे अर्धवट भाजलेले आणून ठेवा. बेकरीइतके नाही पण या कामाला चांगले.

घरी करायचे असतील तर दहा ब्रोटशेनसाठी ५५० टाइपचं पीठ अर्धा किलो. इथे पिठाच्या पाकिटावरचा आकडा म्हणजे पिठात खनिजं किती राहिलीत त्याचं माप, ४०५ केकसाठी, ५५० ब्रोटशेनसाठी. त्यात ३०० मिली कोमट पाणी, मीठ १० ग्रॅम, कोरड्या यीस्टचं ७ ग्रॅमचं एक पाकीट, एक छोटा चमचा साखर, १० ग्रॅम बटर. दहा मिनिटं चांगलं मळा, गोळा ताणला तर पटकन तुटणार नाही असा व्हायला हवा. झाकून तास-सव्वा तास ठेवा, दुप्पट होऊ द्या. मग ८० ग्रॅमचे दहा गोळे, प्रत्येकाच्या कडा खाली दुमडत टेबलावर गोल फिरवून घट्ट करा, वरची कातडी ताणलेली दिसली पाहिजे, नाहीतर ओव्हनमध्ये वर न फुगता बाजूला पसरतात. अजून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा.

ओव्हन २३० अंश, तळाशी एक रिकामा पत्र्याचा ट्रे आधीच तापत ठेवा. गोळ्यांवर धारदार सुरीने एक खोल चीर द्या, वरून पाणी शिंपडा, आत सरकवा आणि त्या तापलेल्या ट्रेमध्ये कपभर गरम पाणी ओतून दार पटकन बंद करा. हात सांभाळा, वाफ एकदम अंगावर येते. ही वाफ पहिली दहा मिनिटं वरचा थर ओला आणि लवचिक ठेवते, म्हणून ब्रोटशेन फुगतं आणि नंतर त्याच थराचं पातळ चकचकीत कवच होतं. एकूण अठरा ते वीस मिनिटं. शेवटची पाच मिनिटं दार क्षणभर उघडून वाफ घालवा, कवच कडक व्हायला कोरडी हवा लागते. बाहेर काढून जाळीवर ठेवलेत की दोन-तीन मिनिटांत बारीक तडतड ऐकू येईल, कवचाला केसासारख्या भेगा पडतात त्याचा तो आवाज. असं ब्रोटशेन या सँडविचला मिळालं तर अजून काय पाहिजे!

मिरची, टोमॅटो, आलिओली

इथल्या सुपरमार्केटमध्ये ब्राटपापरिका नावाने बोटाएवढ्या हिरव्या मिरच्या मिळतात, त्या गॅलिसियातल्या पाद्रोनच्या प्रकारच्या. बहुतेक अजिबात तिखट नसतात, मधूनच एखादी झणका देते. ऑलिव्ह ऑइलमध्ये अख्ख्याच परता, साल फुगून पांढरी होते आणि जागोजागी काळे डाग येतात, तेव्हा काढून जाडं मीठ भुरभुरवा. धुतल्यावर पूर्ण पुसून घ्या नाहीतर तेल अंगावर उडतं.

टोमॅटो काप करून घालायचा नाही, पिकलेला टोमॅटो अर्धा कापून किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा, साल हातात राहते. त्यात मीठ आणि थोडं ऑलिव्ह ऑइल. कॅटलन लोक पावावर टोमॅटो घासतात त्याचीच ही सोपी पद्धत.

आलिओली म्हणजे मुळात फक्त लसूण आणि तेल खलबत्त्यात घोटून केलेलं, पण ते जमायला हात बसावा लागतो. नव्यांसाठी मी दुधाचं सांगते, स्पेनमध्ये त्याला लाक्तोनेसा म्हणतात आणि यात कच्चं अंडं नसल्यामुळे निर्धास्त. उंच भांड्यात १०० मिली फुल फॅट दूध, लसणाची एक छोटी पाकळी, मीठ, वर २०० मिली सूर्यफूल तेल. दूध आणि तेल दोन्ही खोलीच्या तापमानाचं हवं, फ्रिजमधलं थंड दूध वापरलं तर फाटल्यासारखं होतं. हँड ब्लेंडर तळाला टेकवून चालू करा आणि दहा-पंधरा सेकंद हलवूच नका, खालून पांढरं दाट होत वर येईल, मग हळूहळू वर ओढा. शेवटी लिंबाचे थोडे थेंब. सगळं ऑलिव्ह ऑइल वापरलं तर ब्लेंडरने बरेचदा कडसर होतं, म्हणून सूर्यफूल.

जोडणी

इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि सगळं हाताशी तयार ठेवूनच ब्रोटशेन कापा. मांस गरम हवं, रस गरम हवा, आलिओली थंड.

दातेरी सुरीने ब्रोटशेन आडवं कापा, मागची बाजू थोडी जोडलेली राहू द्या. वाटीत काढलेली केशरी चरबी तव्यावर चमचाभर घाला आणि ब्रोटशेन उघडून कापलेल्या बाजू एक मिनिट तव्यावर दाबा, कडा सोनेरी आणि मधला भाग मऊच. मग खालच्या भागावर दोन मोठे चमचे रस, सगळीकडे सारखा. रस आत मुरताना दिसतो, पांढरा गर तांबूस होत जातो पण खालचं कवच कोरडंच राहतं, आणि तिथे थांबायचं, तळाला बोट लावून ओलं लागलं तर जास्त झालं. वर मांसाचा भरपूर ढीग, त्यावर दोन-तीन मिरच्या. वरच्या भागाला टोमॅटो आणि आलिओलीची पातळ रेघ. टोमॅटो खालच्या भागाला लावू नका, रस आणि टोमॅटो दोन्ही एकाच बाजूला आले की पाच मिनिटांत तळ सुटतो.

बंद करा, तळहाताने हलकेच दाबा आणि बेकिंग पेपरमध्ये घट्ट गुंडाळून दोन मिनिटं ठेवा. मी हे कधीच वगळत नाही, गुंडाळल्यावर सगळं एकमेकाला धरून बसतं. त्यानंतर मात्र लगेच खा. मांचेगो चीजचा पातळ काप काहींना आवडतो, घालायचा असेल तर आलिओली काढा, दोन्ही एकत्र जड होतं.

दुसरं मांस आणि उरलेलं

टर्कीची मांडी बिनहाडाची १.२ किलो असेल तर मुरवण तेच, फक्त मीठ १८ ग्रॅम, १६० अंशांवर झाकून दीड ते दोन तास, आत ८२-८५ अंश. रस कमी सुटतो म्हणून वाइन किंवा पाणी २०० मिली घाला. मेंढीचा खांदा हाडासकट दीड-दोन किलो, १६० अंशांवर तीन तास, पिमेंतोन निम्मं करा आणि रोजमेरीची एक काडी टाका, मेंढीला स्वतःचा वास भरपूर असतो. कोंबडीच्या मांड्या हाडासकट घेतल्या तर २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटांत होतात, आत ७४ अंश, पण एवढ्या कमी वेळात रस दाट होत नाही, तो पातेल्यात जास्त आटवावा लागेल.

उरलेलं मांस रसातच बुडवून फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने आरामात राहतं. कोरडं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी कडा वाळतात. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, पातेल्यात रसासकट झाकून मंद आचेवर, वाफ येईपर्यंत. एक-दोन ब्रोटशेन शिळे झाले असतील तर त्यांचे तुकडे उरलेल्या चरबीत लसणासोबत खरपूस परता, वर हे गरम केलेलं मांस आणि एक तळलेलं अंडं.